तात्पुरते

आमच्या बँकेत ‘तात्पुरतं’ या शब्दाइतका टिकाऊ शब्द दुसरा नाही. कॅश केबिनच्या दाराला तात्पुरती बांधलेली सुतळी दोन मॅनेजर निवृत्त झाले तरी जागेवर आहे. सस्पेन्स खात्याचंही तेच. ज्या रकमेचं घर सापडत नाही ती तिथे ‘तूर्त’ ठेवायची. मग ऑडिटर येतो, नोंदीची तारीख बघतो आणि चहा नको म्हणतो!

2019 साली आमच्या शाखेतला एक कॉम्प्युटर इतका मंदावला, की पासबुक भरायला आलेली माणसं शेजारच्या काउंटरवर लग्नं जुळवू लागली. म्हणून हेड ऑफिसने एक चुणचुणीत पोरगा पाठवला. त्याने विंडोजचं बटण आणि ‘आर’ दाबलं, टक्क्याच्या दोन खुणांमध्ये ‘टेम्प’ लिहिलं आणि एंटर मारला. आत हजारो फायली! नावं अशी, की बारशाला आत्याच आली नसावी.

“या कुणाच्या?” मी विचारलं.

“प्रोग्रॅमच्या. कच्चं काम करायला फाइल उघडतात, काम झालं की त्यांनीच पुसायची असते. पण प्रोग्रॅम मध्येच कोलमडला की राहते तशीच.”

म्हणजे जेवून ताट तिथेच ठेवून उठणाऱ्या जावयासारखं. विंडोजमध्ये 2017 पासून ‘स्टोरेज सेन्स’ नावाची मोलकरीण आहे म्हणे. पण तिला आधी कामावर लावावं लागतं.

लिनक्सवाले मात्र शिस्तीचे. त्यांच्याकडे ‘टीएमपी’ नावाच्या दोन खोल्या. एकीतला माल मशीन पुन्हा सुरू केल्यावर राहीलच असा भरवसा नाही; दुसरी, ‘व्हार’च्या पोटातली, त्यानंतरही माल सांभाळते. सिस्टमडी नावाची व्यवस्था तर मूळ नियमाप्रमाणे पहिलीतलं दहा दिवसांनी झाडते, दुसरीतलं तीस दिवसांनी. शिवाय या खोल्यांत कुणीही फाइल ठेवावी, पण दुसऱ्याची काढायची नाही. तो हक्क मालकाचा आणि फार तर वरच्या ‘रूट’साहेबांचा. आमच्या स्टाफरूमच्या फ्रिजला हा नियम लागू झाला, तर निम्मी भांडणं मिटतील.

आमचे हंगामी शिपाई मामा चहा घेऊन आले होते, ते ट्रे हातात धरून ऐकत उभे राहिले. मामा सात वर्षं हंगामी. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षाला 240 दिवस काम भरलं, की सलग सेवा धरत. मग माणसाला काढायचं तर नोटीस द्या, भरपाई द्या. म्हणून मामांचे दिवस 240 च्या जवळ आले, की त्यांना ‘ब्रेक’ मिळे. ब्रेकमध्ये ते मेहुण्याच्या गिरणीत दळण दळत आणि महिन्याभराने पुन्हा नव्याने तात्पुरते होत.

“दहा दिवस म्हणजे दहाच?” मामांनी विचारलं. “बरं आहे की. निदान आधी सांगतात तरी.”

पोराने सगळ्या फायली निवडून डिलीट दाबलं. भराभर गेल्या, पण काही अडल्या. पडद्यावर पाटी आली.

“आता हे काय?”

“या उघड्या आहेत. कुठला तरी प्रोग्रॅम त्यांच्यावर काम करतोय. अशांना विंडोज हात लावू देत नाही. आपण सोडून द्यायच्या.”

मामांनी ट्रे टेबलावर ठेवला. पाटी इंग्रजीत होती, तरी वाकून नीट बघितली.

“म्हणजे कामात आहे तोवर काढता येत नाही?”

“नाही येत.”

“साहेब,” मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “याचा एक कागद छापून मिळेल का? मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवतो. शुक्रवारी माझे दिवस भरताहेत.”