ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर

2004 सालचा हिवाळा. कळमनुरीत अकोला-नांदेड रस्त्यालगत माझं गॅरेज सुरू होऊन सात वर्षं झाली होती. जीप, टेम्पो, मारुती हे रोजचं काम. त्या दुपारी दारात एक लाल, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी येऊन थांबली. सॅन स्टॉर्म. गोव्यात वेर्ण्याला बनणारी, फायबर बॉडीची, 1149 सीसीचं रेनॉ इंजिन असलेली ही गाडी मी तोवर फक्त मासिकातल्या फोटोत पाहिली होती. अशी गाडी आपल्या हाताखालून जावी, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

मालक आणि त्यांची पत्नी हिंगोलीकडून नांदेडला निघाले होते. ब्रेकवरून पाय काढला तरी मागचे लाल दिवे विझत नव्हते. ब्रेक स्विच गेला होता. मूळ पार्ट इकडे मिळणं शक्यच नव्हतं. पोराला हिंगोलीला पाठवून दुसऱ्या एका गाडीचा स्विच आणवला. आटे तंतोतंत बसले. पण त्याचा प्लंजर, म्हणजे पेडल ज्याला टेकतं ती आत-बाहेर होणारी दांडी, जुन्यापेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढा लांब होता. दोन्ही स्विच मी हातात शेजारी शेजारी धरले होते, फरक डोळ्यांना दिसला होता, आणि तरी जुना स्विच जिथवर बसला होता तिथवरच नवा फिरवून लॉक नट आवळला.

"काय मिस्त्री, होतंय का?" मालकांनी विचारलं. बाहेर माणसं गाडी बघायला जमली होती. मी पेडल दाबलं, दिवा लागला. सोडलं, विझला. "झालं साहेब," म्हणालो. रस्त्यावर एक चक्कर मारून बघितलं नाही.

मी दिवा तपासला, ब्रेक तपासला नाही. पेडल मोकळं असलं की ते प्लंजर आत दाबून ठेवतं आणि दिवा बंद राहतो, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. पण पेडलनं कुठवर मागे यायचं हेही तोच स्विच ठरवत होता. लांब प्लंजरनं ते थोडं दाबलेलंच ठेवलं. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं, पाय काढल्यावर ब्रेक ऑइल त्यातून टाकीत परत जातं. पेडल पूर्ण मागे आलं नाही की ते छिद्र झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगतं, ब्रेक आपोआप आवळत जातात, आणि शेवटी ऑइलच उकळलं की पेडल नुसतंच खाली जातं.

तासाभरात एका जीपवाल्यानं निरोप आणला. आखाडा बाळापूरच्या अलीकडे गाडी बाभळीवर गेली होती. मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा पुढच्या चाकांपाशी जळका वास येत होता. बाईंचं मनगट मोडलं होतं, हात ओढणीत बांधला होता. रस्त्यात बैलगाडी आडवी आली, ती वाचवताना पेडल तळाला गेलं, असं मालक म्हणाले. मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि स्विच दोन फेरे सैल केला. पेडल टक्कन वर आलं. मला सगळं कळलं.

तरी बाहेर येऊन म्हणालो, "ब्रेक ऑइल जुनं होतं, साहेब."

पहिली चूक घाईतली होती. ही मात्र मी समजून उमजून केली. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी नांदेडला त्यांच्या घरी जाऊन दोन्ही स्विच टेबलावर ठेवले आणि खरं सांगितलं. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याच दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." गाडीच्या खर्चासाठी मी वेल्डिंग मशीन विकलं. बाईंच्या मनगटाला मात्र पूर्वीसारखी ताकद आली नाही, हे त्यांनीच पुढे सांगितलं.

तेव्हापासून माझ्याकडे ब्रेकचं कुठलंही काम झालं की गाडी आधी मी चालवतो, मग किल्ली देतो. तुमच्या गाडीचा ब्रेक स्विच कुणी बदलला असेल तर निघण्याआधी पेडल हातानं दाबून पाहा, सुरुवातीला थोडी मोकळी चाल लागली पाहिजे. आणि दोन-चार किलोमीटरवर थांबून चाकाजवळ हात नेऊन बघा. नेहमीपेक्षा जास्त धग लागली, तर पुढे जाऊ नका.