नकारानें ओळखलेले जीव

आम्हीं शाळेंत वर्षानुवर्षें संस्कृत शिकविलें. त्यामुळें 'अपृष्ठवंशीय' हा शब्द भेटला कीं आमचें लक्ष प्रथम त्यांतील नकाराकडे जातें. इ. स. १८०१ मध्यें लामार्क या फ्रेंच पंडितानें पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा सारा समुदाय आजहि त्या उणिवेनेंच ओळखला जातो. वस्तुतः ज्ञात प्राणिजातींपैकीं शेंकडा सुमारें ९५ यांतल्याच!

आतां यांच्याजवळ काय आहे तें पाहा. गांडुळास फुफ्फुसें नाहींत. परंतु त्याची ओलसर त्वचाच तें काम करिते. झुरळाच्या कुशींवरील छिद्रांतून निघालेल्या सूक्ष्म नलिका हवा थेट पेशींपर्यंत पोहोंचवितात. रक्तास तें ओझें वाहावें लागत नाहीं. ऑक्टोपसला हृदयें तीन, आणि रक्त तांब्याच्या योगानें निळें. तारामासा तर अंगांतील पाण्याच्या दाबानें शेंकडों नलिकापाद चालवितो.

यांत उणें कोणतें? डार्विननें १८८१ सालीं गांडुळांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून माती घडविण्यांतील त्यांचा वांटा दाखविला.

आमच्या एका आत्याबाईंना घरांत जन्मभर 'निपुत्रिक' म्हणत. आम्हां सात भावंडांना वाढविलें तें त्यांनींच; पण ओळख राहिली ती नकाराची. वाचकहो, मुलांस प्राणी शिकवितांना, आणि घरांतील माणसांविषयीं बोलतांनाहि, 'काय नाहीं' याआधीं 'काय आहे' तें सांगावें, एवढीच आमची विनंती.