आधी रेकॉर्डर दाखवा

जुनी बोलकी यंत्रं दुरुस्त करणं हा माझा उद्योग. ‘फोनोग्राफ विकायचा आहे’ असा फोन आला की मी आधी विचारतो, रेकॉर्डर आहे का? समोरचा बहुतेकदा कर्ण्याचंच कौतुक सांगू लागतो. कर्णा काय, कुठलाही बसवता येतो. मुंबईच्या चोर बाजारात नवा कर्णा, कुठल्यातरी पोर्टेबल ग्रामोफोनची मोटर आणि परवा केलेली पेटी असा जुळवलेला संसार सर्रास ‘अँटिक’ म्हणून मांडलेला दिसतो.

मी शोधतो ती संशोधकांबरोबर वस्त्या-पाड्यांवर फिरलेली यंत्रं. १८९० मध्ये जेसी फ्यूक्सने अमेरिकेतल्या मेन राज्यात पासामाक्वोडी लोकांची गाणी आणि बोलणं मेणाच्या सिलिंडरवर उतरवलं, तिथून हा सिलसिला सुरू झाला. १९०६ मध्ये पर्सी ग्रेंजर लिंकनशरच्या म्हाताऱ्यांना फोनोग्राफच्या कर्ण्यासमोर उभं करत होता. १९१०-११ मध्ये फॉक्स स्ट्रँगवेज हेच तंत्र घेऊन हिंदुस्थानात फिरला. तबकडीचा ग्रामोफोन बाजारात सिलिंडरला मागे टाकत होता, पण तो फक्त वाजवायचा. फोनोग्राफ ऐकूनही घ्यायचा. चावीवर चालायचा, एकट्या माणसाला उचलता यायचा.

पंचाईत अशी की ही काही खास बनवलेली यंत्रं नव्हती. एडिसनचं ‘होम’ १८९६ चं, ‘स्टँडर्ड’ १८९८ चं. दोन्ही दिवाणखान्यात गाणी ऐकण्यासाठी हजारोंनी खपली. संशोधकाने नेलेलं मशीन आणि वकिलाच्या घरातलं मशीन शेजारी ठेवलं तर वरकरणी फरक नाही.

म्हणून रेकॉर्डर. तळहातात मावणारा धातूचा गोल तुकडा, मधे काचेचा पातळ पडदा, खाली नीलमण्याचं बारीक टोक. वाजवायच्या रिप्रोड्यूसरचं टोक गुळगुळीत, गोल असतं. रेकॉर्डरच्या टोकाला वाटीसारखी खोलगट कड असते आणि ती धारदार लागते. भिंगाखाली हा फरक चटकन कळतो. घरोघरी गाणी ऐकणाऱ्यांना रेकॉर्डरचा फारसा उपयोग नव्हता, त्यामुळे मशीन टिकली आणि रेकॉर्डर हरवले. ज्याच्या टोकाची धार वापरून बोथट झाली आहे, तो मला कोऱ्या करकरीत रेकॉर्डरपेक्षा जास्त मोलाचा.

मग वेग. बाजारातली सिलिंडर मिनिटाला १६० फेऱ्यांनी फिरत आणि जेमतेम दोन-अडीच मिनिटं वाजत. लांबलचक गाणं बसवायला वेग उतरवावा लागे. तेच सिलिंडर पुढे १६० ने वाजवलं की म्हातारा गायक पोरासारखा किनरा होतो. बर्लिनच्या फोनोग्राम संग्रहाने यावर सोपा तोडगा काढला होता : सुरुवातीला एक ठरावीक सुराची शिट्टी फुंकायची, नंतर तिच्याशी वेग जुळवायचा. अशी शिट्टी मशीनच्या पेटीत सापडली तर मी किमतीची घासाघीस करत नाही.

विक्रेत्यांचा आवडता पुरावा म्हणजे १९१६ चा तो प्रसिद्ध फोटो : ब्लॅकफूट प्रमुख माउंटन चीफ आणि समोर संशोधिका फ्रान्सिस डेन्समोर, मधे कोलंबियाचा ग्राफोफोन. या फोटोपायी कोलंबियाचं दिसेल ते मशीन ‘डेन्समोरवालं’ ठरतं. फोटोवरून मॉडेल कळतं, मालक नाही. मालक कळतो तो कागदावरून. मशीनच्या पितळी पाटीवरचा नंबर संग्रहालयाच्या नोंदवहीत, मोहिमेच्या सामानयादीत किंवा एखाद्या पत्रात सापडला पाहिजे. त्यामुळे या शोधातला मोठा वेळ जातो तो अर्ज लिहिण्यात आणि उत्तरांची वाट बघण्यात. दिसायला हे काम नीरस आहे, पण मला यंत्राइतकंच आवडतं.

सध्या इंग्लंडमधल्या एका ‘स्टँडर्ड’वर माझा डोळा आहे. सुरुवातीचं मॉडेल, म्हणजे सिलिंडर तासून पुन्हा कोरं करायचा चाकू मशीनवरच बसवलेला. फोटो मोठा करून पाहिला तर बैठकीच्या खाचांत तपकिरी मेणाचा कीस दिसतो. कोणीतरी यावर सिलिंडर तासली आहेत, थोडीथोडकी नव्हेत. अर्थात हौशी घरमालकही तासत असत, तेव्हा एवढ्यावर हुरळून चालणार नाही. मालक म्हणतो, स्वच्छ करून, पॉलिश मारून पाठवतो. मी उलट टपाली कळवलंय : फडकं लावू नका, तेल घालू नका, आधी पाटीवरचा नंबर तेवढा पाठवा.