धावताना कानात काय घालावे?

आमच्या घरात यंदा दोघे धावतात. थोरली पोलीस भरतीची तयारी करते आहे आणि धाकट्याला क्रिकेटसाठी दम वाढवायचा आहे. फजरची नमाज झाली की दोघे बाहेर पडतात. भरतीत मुलींना 800 आणि मुलांना 1600 मीटर धावावे लागते, म्हणून गोरेगावात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी बरीच मुले दिसतात. आणि रस्ता कोणता, तर गोंदिया-कोहमारा मार्ग. धानाचे ट्रक, एसटी, टिप्पर, सारे त्यावरूनच जाते. दोघांनी हेडफोन मागितले तेव्हा आम्ही किमतीच्या आधी या रस्त्याचा विचार केला.

मागून येणारे वाहन आधी कानाला कळते. रबरी टोकाचे, कानात घट्ट बसणारे इअरबड बाहेरचा आवाज अडवतात. त्यात नॉइज कॅन्सलेशन असेल तर तो आणखी दबतो. रेल्वेच्या डब्यात ही सोय चांगली, पण पहाटेच्या अंधारात रस्त्यावर हीच घातक. हिवाळ्यात धुके पडले की डोळ्यांचाही भरवसा नसतो.

त्यापेक्षा कान उघडा ठेवणारे प्रकार बरे. एक कानाच्या बाहेर टेकून राहतो. दुसरा, बोन कंडक्शनचा, कानापुढच्या हाडावर बसतो आणि हाडातून कंप आतल्या कानापर्यंत पोहोचतात. यात खर्जाचे सूर कमी ऐकू येतात, पण हॉर्न आणि हाक कळते. अर्थात आवाज फार वाढवला तर उघडा कानही बंद झाल्यासारखाच.

घामासाठी खोक्यावर आयपीएक्स 4 तरी लिहिलेले असावे. म्हणजे चहूबाजूंनी उडणारे पाणी ते सोसते. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. धावण्यासाठी 4 पुरते.

स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनी घेण्याआधी स्कार्फसकट घालून पाहावे. मानेमागची पट्टी कापडाखाली सरकते, स्पर्शाने चालणारे बटण कापड लागताच दबते आणि माइकवर कापड घासून खरखर होते. आमच्या थोरलीला कानावर अडकणारा हुक आणि दाबायचे बटण सोयीचे ठरले.

आवाजाचेही माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकणे सुरक्षित, पण 90 डेसिबलला तीच मर्यादा 4 तासांवर येते. अनेक मोबाइलमध्ये आवाजाची मर्यादा ठरवता येते. आम्ही ती ठरवून टाकली.

दादींचे म्हणणे वेगळेच होते. "वाटेत कुणी सलाम केला आणि लेकरांनी जबाब दिला नाही, तर लोक काय समजतील?" मुले हसली, पण मुद्दा खरा होता. ज्याला सलाम ऐकू येत नाही, त्याला ट्रकही ऐकू येणार नाही.

शेवटी कान उघडा ठेवणारी एकच जोडी घेतली, दोघांत मिळून. नियम तीन. उजाडेपर्यंत कानात काही नाही. रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावायचे. आणि वेळ लावून सराव करताना हेडफोन घरी ठेवायचे. भरतीच्या मैदानावर सोबत फक्त आपला श्वास असतो, त्याची लय थोरलीला आतापासून ओळखीची व्हायला हवी.