अण्णांचा ब्रेक

परवा भाच्याचा मस्कतहून फोन आला. "मामा, आम्ही चौघं मित्र बर अल हिकमानला जातोय. तू गेला होतास ना? काही टिप्स?" त्याला म्हटलं, लिहून पाठवतो. लिहायला बसलो टायरच्या हवेबद्दल आणि लिहीत गेलो अण्णांबद्दल. म्हणून म्हटलं, इथेच सगळं सविस्तर लिहावं.

गोष्ट जानेवारी २००६ ची. मी मस्कतला नोकरीला होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. बरीचशी वर्षं रत्नागिरी-कोल्हापूर, आंबा घाटातून. रिटायर झाल्यावर दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. मी नुकतीच सेकंड हॅण्ड फोर व्हील ड्राइव्ह घेतली होती आणि ती वडिलांना दाखवायची खाज होती. खोटं कशाला बोलू!

ओमानमध्ये गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. त्यामुळे अण्णा माझ्या शेजारी बसायचे ते नेमके उजवीकडे, जिथे एकतीस वर्षं त्यांच्या हातात चाक होतं. समोर ट्रक आला की त्यांचा उजवा पाय गाडीच्या फरशीवर दाबला जायचा. नसलेला ब्रेक! सुरुवातीला मला हसू यायचं. पंधरा दिवसांनी राग यायला लागला. आपल्या ड्रायव्हिंगवर कोणीतरी सतत शेरा मारतंय असं वाटायचं. एकदा म्हणालोसुद्धा, "अण्णा, तुमच्या पायाखाली ब्रेक नाहीये." ते ओशाळले आणि पाय मागे घेऊन बसले. दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

तर बर अल हिकमान. मस्कतहून दक्षिणेला साधारण ५०० किलोमीटर, मासिरा बेटाच्या समोर समुद्रात घुसलेला सपाट भूभाग. हिवाळ्यात तिथे लाखो पक्षी उतरतात, रोहितसुद्धा. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असे (२०१३ पासून शुक्रवार-शनिवार झाली). आम्ही गुरुवारी पहाटे निघालो. माहूत नावाच्या गावी (हत्तीच्या माहुताशी संबंध नाही!) पेट्रोल भरलं आणि डांबर सोडलं.

कच्च्या रस्त्याचा पहिला त्रास म्हणजे त्याचा पन्हाळी पत्रा झालेला असतो. आडव्या बारीक लाटा, आणि त्यांवरून गाडी अशी थरथरते की दात वाजतात. या लाटा का होतात? २००७ साली काही शास्त्रज्ञांनी फिरत्या तबकडीवर वाळू पसरून तिच्यावरून चाक चालवून पाहिलं. ठरावीक वेगाच्या वर गेलं की लाटा आपोआप उठतात, चाकाला स्प्रिंग असो वा नसो. म्हणजे दोष कुणा एका गाडीचा नाही, सगळ्यांच्या घाईचा. वेगात गेलं तर गाडी लाटांच्या माथ्यावरून तरंगत जाते आणि बरं वाटतं, पण तेव्हा चाकं जमिनीला धड टेकलेली नसतात. वळणावर ब्रेक मारला तर गाडी सरळ बाहेर. मी अर्थातच तरंगत चाललो होतो. अण्णांचा पाय फरशीवर.

पुढे वाळू लागली. तिथे मी शहाण्यासारखं वागलो, टायरची हवा ३५ वरून १८ वर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, वजन वाटलं जातं आणि गाडी रुतत नाही. अण्णांना हे फार आवडलं. "आमच्या डेपोत हे सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं," म्हणाले.

आणि मग सबखा.

सबखा म्हणजे समुद्रालगतची खारट सपाटी. जमिनीखाली थोड्याच खोलीवर खारं पाणी असतं. ते वर ओढलं जातं, उन्हाने वाफ होते आणि मीठ मागे राहतं. वर कडक पापुद्रा तयार होतो, दिसायला थेट क्रिकेटचं मैदान. आत ओला चिखल. दुधावरची साय म्हणा ना! इथे टायरची हवा कमी करून फारसा उपयोग नसतो. आधीच्या गाड्यांच्या ठळक चाकोरीतून जायचं, बाहेर पडायचं नाही, एवढाच नियम.

चाकोरी लांबून वळसा घालून जात होती. समोर मैदान दिसत होतं आणि पलीकडे समुद्राची रेघ. मी गाडी सरळ घातली.

अण्णा म्हणाले, "थांब जरा. पुढे मातीचा रंग बदललाय. उतरून बघ."

मी म्हणालो, "अण्णा, हा तुमचा आंबा घाट नाही."

पन्नास मीटरवर गाडीने नाक खाली घातलं. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला आणि चारही चाकं स्वतःची कबर खणल्यासारखी आत गेली. दार उघडलं तर फूटबोर्ड चिखलाला टेकलेला.

दुपारचे साडेतीन. मोबाईलला रेंज नाही. बरोबर दुसरी गाडी नाही. बायकोला फक्त "मासिराच्या बाजूला जातोय" इतकंच सांगितलेलं. पाण्याच्या दीड लिटरच्या चार बाटल्या. अण्णांना डायबेटिस. आणि भरतीचं पाणी कुठवर येतं याची मला काडीमात्र कल्पना नव्हती! त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो.

अण्णा एक शब्द बोलले नाहीत. खाली उतरले, चपला काढल्या आणि आमच्याच चाकांच्या खुणांवरून मागे चालत गेले. दर दोन पावलांवर टाच मारून बघत होते. एका जागेपर्यंत टाच मारली की पाणी वर येत होतं. त्यापुढे नाही. तिथे त्यांनी आपला रुमाल दगडाखाली ठेवला. "इथपर्यंत पक्कं आहे. कोणी आलंच तर याच्या पुढे येऊ द्यायचं नाही."

अंधार पडल्यावर दर पंधरा मिनिटांनी एक मिनिट दिवे लावायचे असं त्यांनी ठरवलं, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. आठच्या सुमारास लांबून उजेड हलला. मासे घेऊन किनाऱ्यावरून परतणारा एक बेदू आणि त्याचा जुना पिकअप. तो रुमालाच्याही मागे थांबला आणि चालत आला. जमिनीवर टाच मारली. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला त्या दोघांत कोणी विचारात घेत नव्हतं.

त्याला मोडकं हिंदी येत होतं. मासळीच्या खोक्यांच्या फळ्या चाकांखाली घातल्या, दोन दोर जोडून लांब केले आणि गाडी आलो त्याच खुणांवरून सरळ मागे ओढली. तिसऱ्या खेपेला निघाली. मी रियाल पुढे केले तर त्याने माझा हात मिटवून दिला. त्याच्या घरी कहावा प्यायलो. डायबेटिसवाल्या अण्णांनी तीन खजूर खाल्ले आणि मी काही बोललो नाही.

सकाळी त्याच्या मागोमाग जाऊन रोहित पाहिले. परतताना मी किल्ली पुढे केली. "इथलं लायसन नाही माझ्याकडे," अण्णा म्हणाले आणि उजवीकडे जाऊन बसले.

त्या वाक्याबद्दल मी त्यांची माफी मागितली नाही. मागू मागू म्हणत राहिलो. २०१४ मध्ये अण्णा गेले.

असो. तर भाचेबुवा, टिप्स. दोन गाड्या घेऊन जा. कुठल्या वाटेने जाणार आणि कधी परतणार हे घरी लिहून ठेवा. माणशी किमान पाच लिटर पाणी, पंप, फावडं, लांब दोर, दोन फळ्या. भरतीच्या वेळा बघा. परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ पत्रा खाईल. आता तिथे शन्नापर्यंत डांबरी रस्ता झालाय, पण सबखा आहे तशीच आहे. चाकोरी सोडायची वेळ आलीच तर गाडीतून उतर, चपला काढ आणि टाच मारून बघ.

आणि उजवीकडे बसलेला मित्र उगाच फरशीवर पाय दाबत असेल तर त्याला हसू नकोस. हल्ली माझी मुलगी गाडी चालवते. परवा घाटात तीच मला म्हणाली, "बाबा, तिकडे ब्रेक नाहीये."