मातीकडे पाठ फिरवलेली

एक्मियाचा मातीवर भरवसा नाही. कुंडीतून तिला अलगद उपसून पाहिलं तर हाती येतात थोडकी मुळं, आखूड आणि तारेसारखी ताठ. वरचा हातभर घेराचा पानांचा पसारा एवढ्याशा आधारावर तोललेला असतो. मुळांकडे तिनं मुख्यतः एकच काम सोपवलं आहे, घट्ट धरून राहण्याचं. खाणंपिणं बहुतेक वरून, पानांच्या वाटेनं. आभाळातून जे पडेल आणि वरच्या फांद्यांवरून जे गळेल, त्यावर तिच्या घराण्याचा संसार चालत आला आहे.

तिचं पूर्ण नाव एक्मिया फॅसिआटा. नर्सरीत मात्र ती ब्रोमेलियाड या कुळाच्या नावानंच विकली जाते, गुझमानिया वगैरे चुलत बहिणींच्या शेजारी. गुझमानिया लालभडक, गुळगुळीत पानांची, पाहताक्षणी उचलून घ्यावीशी वाटणारी. एक्मियाशी ओळख व्हायला वेळ लागतो. तिची पानं रुंद, जाड आणि चिवट, राखाडी हिरव्या अंगावर आडवे चांदीचे पट्टे, कडेला बारीक काळे काटे. निष्काळजीपणे हात घातला की ओरखडा ठरलेला. पानं एकमेकांना बुंध्याशी इतकी घट्ट बिलगून असतात की मधोमध पाणी न गळणारा पेला तयार होतो. हा पेला म्हणजेच ती. बाकी सगळं त्याच्या राखणीसाठी आहे.

ते चांदीचे पट्टे हा नुसता रंग नाही. पानांवर नजरेला न दिसणारे खवले असतात आणि त्यांच्या दाटीमुळे पान चंदेरी दिसतं. ओल मिळाली की हे खवले फुगतात आणि पाणी आत घेतात. हवा कोरडी झाली की पानावर मिटून बसतात आणि आतली ओल बाहेर जाऊ देत नाहीत. धूळ बसली म्हणून फडक्यानं खसाखसा पुसणारे आणि चमक यावी म्हणून पानांना तेल लावणारे लोक पाहिले की जीव कळवळतो. ते तिचं तोंडच बंद करत असतात. एकदा पुसली गेलेली चांदी त्या पानावर परत येत नाही. धूळ घालवायची असेल तर वरून पाण्याचा बारीक फवारा पुरे.

तिचं माहेर ब्राझीलमध्ये, रिओ दि जानिरो राज्यातल्या डोंगरउतारांवरचं अटलांटिक किनाऱ्यालगतचं जंगल. तिथं ती मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसते. फांदीवर बसते म्हणून तिला कुणी बांडगूळ समजू नये. आंब्यावरचं बांडगूळ सालीत मुळं घुसवून झाडाचा रस ओढतं. एक्मिया झाडाकडे फक्त बसायला जागा मागते. आपल्या सह्याद्रीत सीतेची वेणी हे ऑर्किड जसं झाडावर राहून झाडाला तोशीस देत नाही, तसंच हिचं. तिच्या कुळात साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतल्या एका जातीचा अपवाद सोडला तर बाकी सगळ्या अमेरिका खंडांतल्या. इंग्लंडचे जॉन लिंडली यांनी १८२० च्या दशकात तिला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा तिची गणना याच कुळातल्या बिलबर्जिया या दुसऱ्या गटात झाली. १८७९ मध्ये जॉन गिल्बर्ट बेकर यांनी तिला एक्मियांत आणलं. तेव्हापासून ती तिथंच आहे.

माहेरच्या जंगलात तिच्या कुळातल्या झाडांचे पेले कधी रिकामे नसतात. झाडाच्या माथ्यावर, जमिनीपासून कितीतरी उंच, ही लहान लहान तळी पाऊस धरून ठेवतात. बेडूक त्यांत अंडी घालतात, किड्यांच्या अळ्या वाढतात, वरून पडलेला पाचोळा कुजतो. ब्राझीलमधली एक कीटकभक्षी वनस्पती तर अशाच पेल्यांतल्या पाण्यात वाढते. जमैका बेटावर एक लहान खेकडा आहे. त्याची मादी एक्मियाच्याच एका बहिणीच्या पानांच्या बेचक्यात पिल्लं वाढवते. पाण्यात पडलेली पानं ती काढून टाकते, पिल्लांवर येणाऱ्या शत्रूंना हुसकावते आणि गोगलगाईंचे शंख आणून पाण्यात टाकते. शंखांतला चुना पाण्यात उतरतो आणि पिल्लांची कवचं घडायला उपयोगी पडतो. एका झाडाच्या काखेतल्या ओंजळभर पाण्यात एवढी मातृत्वाची धडपड चालते, हे वाचल्यापासून कुठल्याही ब्रोमेलियाडकडे मी नुसती शोभेची वस्तू म्हणून पाहू शकत नाही. आणि या सगळ्यांची विष्ठा, मेलेले किडे, कुजलेली पानं हेच त्या झाडाचं अन्न. आसरा दिल्याचं भाडं ते असं वसूल करतं.

याच पेल्यांनी एकदा तिच्या कुळावर संकट आणलं. त्रिनिदादमध्ये आणि दक्षिण ब्राझीलमध्ये मलेरियाचे काही डास नेमके ब्रोमेलियाडच्या पाण्यात वाढतात. त्रिनिदादच्या कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेल्या उंच झाडांवर हजारो ब्रोमेलियाड बसलेली असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉलिन पिटेंड्राय नावाच्या तरुण जीवशास्त्रज्ञावर तिथल्या मलेरियाचा बंदोबस्त करण्याचं काम आलं. उपाय सापडला तो मोरचुदाच्या द्रावणाचा. तांबं या कुळाला विषासारखं लागतं. फवारा बसला की झाडं मरून गळून पडत. कोणता डास दिवसाच्या कोणत्या प्रहरी, किती उंचीवर चावतो याच्या नोंदी ठेवता ठेवता पिटेंड्राय यांना सजीवांच्या आतल्या घड्याळाचा ध्यास लागला आणि पुढे ते त्या शास्त्राच्या संस्थापकांपैकी एक ठरले.

आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. नाशिककडचे द्राक्षबागायतदार आणि कोकणातले सुपारीवाले ज्या बोर्डो मिश्रणावर विसंबून असतात, त्यात मोरचूदच असतं. घरच्या बागेत बुरशीसाठी ते वापरत असाल तर एक्मियाची कुंडी आधी दूर न्या. तांब्याच्या भांड्यात साठवलेलं पाणी तिला घालू नका आणि तांब्याच्या तारेनं तिला ओंडक्यावर बांधू नका. दुसरी गोष्ट डेंग्यूची. आपल्याकडचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि गॅलरीतला भरलेला पेला त्याला आयताच मिळतो. आठवड्याचा कोरडा दिवस कूलर आणि पिंपांइतकाच एक्मियासाठीही पाळायला हवा. कुंडी आडवी करून जुनं पाणी पूर्ण ओतून टाकायचं आणि ताजं भरायचं. जंगलात बेडूक आणि अळ्या ते पाणी जागतं ठेवतात. आपल्या घरात ते काम आपलंच.

पाणी पावसाचं मिळालं तर तिच्या अंगी लागतं. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार पानांवर पांढरे डाग ठेवतात आणि खवले बुजवतात. पुण्यानाशकाकडच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंड रात्रींत पेला जवळजवळ रिकामा ठेवावा, नाहीतर गाभा कुजतो. मुंबईत आणि गोव्यात ही चिंता नाही. तिथली दमट हवा तिला माहेरासारखी वाटत असावी. तिला पूर्वेच्या खिडकीतलं कोवळं ऊन भरपूर हवं, दुपारचं मुळीच नको. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली तर पानं लांबट, लेचीपेची होतात आणि चांदी फिकी पडते. आपल्या घरांत तिचा घात होतो तो बहुतेक प्रेमापोटी, मातीशेणखतानं दाबून भरलेल्या कुंडीमुळे. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे, थोडी झाडाची साल, एवढ्यात ती सुखी असते. हवा खेळली पाहिजे आणि पाणी तळातून झटकन निघून गेलं पाहिजे. खत नावापुरतं, अगदी पातळ करून. जास्त नत्र मिळालं की ती नुसती हिरवी होत जाते आणि फुलणं लांबवते. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड लागली तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं टिपून काढावी, तेलकट फवारे टाळावेत.

आणि मग एक दिवस पेल्याच्या तळातून गुलाबी टोक वर येतं. ते हळूहळू वर सरकतं, उमलतं आणि काटेरी गुलाबी तुरा पानांच्या वर उभा राहतो. गुलाबी दिसतात ती फुलं नसतात; बोगनवेलीसारखी तीही रंगीत पानंच. खरी फुलं त्यांच्या मधून डोकावतात, लहानशी, निळीजांभळी, आणि लवकरच लालसर होऊन मिटतात. गुलाबी तुरा मात्र कित्येक महिने टिकतो. हा थाट तिच्या आयुष्यात एकदाच. केळीला एकदा घड आला की त्या खोडाचं काम संपतं आणि बुंध्याशी मुनवे फुटलेले असतात, तसंच हिचंही.

फुलायला ती वेळ लावते, पण तिला जाग आणता येते. झाड वयात आलेलं असेल तर पेल्यातलं पाणी काढून टाकावं, कुंडीशेजारी पिकलेलं सफरचंद ठेवून आठ-दहा दिवस सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत झाकून ठेवावं आणि पिशवी उन्हात येऊ देऊ नये. सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू तिला फुलण्याची सूचना देतो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तुरा दिसतो. हे गुपित पहिल्यांदा कळलं ते तिच्या सर्वांत प्रसिद्ध बहिणीमुळे. ती बहीण आपल्या ओळखीची आहे, अननस. कोलंबसला तो १४९३ मध्ये ग्वादलूप बेटावर भेटला, पोर्तुगीजांनी तो भारतात आणला, जहांगीर बादशहानं फिरंग्यांच्या बंदरांतल्या या फळाची आपल्या आठवणींत नोंद केली आणि आज गोव्यात त्याचं सासव होतं. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवरच्या काचघरांत अननसांना धूर दिल्यावर ते एकदम फुलतात, असं दिसून आलं. धुरातला इथिलीन हे त्यामागचं कारण कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

माहेरीही तिच्या कुळाला मान उशिरा मिळाला. रिओच्या श्रीमंत बागांत एकेकाळी युरोपातली झाडं लावण्याची चाल होती. रॉबर्टो बुर्ले मार्क्स हा ब्राझीलचा तरुण १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेला आणि तिथल्या दाहलेम वनस्पती उद्यानाच्या काचघरांत त्याला आपल्याच देशाची झाडं नव्यानं दिसली. परत येऊन त्यानं ब्रोमेलियाडना बागांत मानाची जागा दिली. रिओजवळचं त्याचं घर आणि बाग २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली.

आपल्याकडे मात्र बहुतेक लोक तिला फुललेलीच विकत घेतात, म्हणजे तिच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वात. तुरा तपकिरी पडला की झाड मेलं असं समजून कुंडी कचऱ्यात जाते. कृपा करून असं करू नका. वाळलेला तुरा खालून कापून टाका, पेल्यात पाणी घालत राहा आणि वाट पाहा. बुंध्याशी एक, दोन, कधी तीन पिल्लं येतील. आई हळूहळू सुकत जाईल, पण जाता जाता त्यांना पोसत राहील. तिला घाईनं उपटू नका. पिल्लं तिच्या निम्म्या उंचीची झाली की धारदार सुरीनं, थोड्या मुळांसकट वेगळी करा आणि सोडणाच्या तुकड्यांत लावा. त्यांना तुरा यायला दोन-तीन वर्षं लागतात. जागा कमी असेल तर एखादं पिल्लू शेजाऱ्यांना द्या, आणि देताना त्यांना मातीबद्दल आणि मोरचुदाबद्दल आठवणीनं सांगा.