मावशींचा अंगठा आणि ६६६

पोस्ट जरा मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.

मागच्या रविवारी उपासना संपली. चर्चच्या पायरीशी चपला घालत होतो, तेवढ्यात एका मावशींनी हाक मारली. वय सत्तरच्या पुढं. नवरा वारून बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला कंपनीत, नातू इथं त्यांच्याजवळ शिकायला. बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "बाळा, तू पेपरात हायेस म्हणून विचारते. रेशनच्या मशीनवर थंब द्यावा का नको रे? नातवानं मोबाईलवर दाखवलं, ती श्वापदाची खूण हाय म्हणं. ६६६."

खरं सांगतो, आधी हसू आलं. तो फॉरवर्ड माझ्याकडंही तीन ग्रुपांतून आला होता. हातात चिप बसवणार, चिप नसेल त्याला खरेदी नाही, सगळ्या जगाचं एकच सरकार, वगैरे. कोविडची लस आली तेव्हा लसीत चिप होती, आता केवायसीत आहे.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बायबलचं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. त्याच्या तेराव्या अध्यायात एक श्वापद येतं. ते लहानमोठ्या, गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण करून घेतं. खूण नसेल त्याला काही विकत घेता येत नाही आणि विकताही येत नाही. त्या श्वापदाची संख्या ६६६.

हे पुस्तक पहिल्या शतकातलं, रोमन साम्राज्यातलं. नीरो कैसराचं नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमतींची बेरीज केली की ६६६ येते. म्हणून बऱ्याच अभ्यासकांचं मत असं, की लिहिणाऱ्याचा रोख त्याच्या काळातल्या सत्तेवर होता. काही जुन्या हस्तलिखितांत तर ६६६ च्या जागी ६१६ आहे. पण दर पिढीनं त्या श्वापदाला आपापल्या काळातलं तोंड बसवलं. १९७४ साली अमेरिकेतल्या एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावर पहिल्यांदा बारकोड वाचला गेला, पुढं काहींना त्या रेघांतही ६६६ दिसला. मग क्रेडिट कार्ड, मग चिप. आपल्याकडं आधार आलं तेव्हा मिझोराममधल्या काही छोट्या ख्रिस्ती गटांनी याच कारणानं नाव नोंदवायला नकार दिला.

मावशींना मी एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "मावशी, आधार म्हणजे बारा आकडी नंबर. तुमच्या हातात कुणी काही घालत नाही. घाबरू नका, द्या थंब."

त्यावर मावशी जे बोलल्या, ते ऐकून माझं हसू गेलं.

"आरं, म्या द्यायला नाही म्हणते का? दोन महिनं झालं देतेय. उमटतच न्हाई. दुकानदार म्हणतो मशीन घेत न्हाई, म्हणून धान्य न्हाई. मग मला वाटलं, हेच तर लिहिलंय शास्त्रात."

त्यांचे हात पाहिले. आयुष्यभर खुरपणी, धुणीभांडी, चुलीपुढं भाकरी. बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. मशीन तरी काय वाचणार?

म्हणजे आम्ही ज्याला अफवा म्हणून हसत होतो, ती त्या बाईनं दोन महिने अनुभवली होती. चिप नाही, जागतिक सरकार नाही, पण अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाही, हे खरंच घडत होतं. फॉरवर्ड खोटा होता. त्यामागची भीती मात्र पूर्ण खोटी नव्हती.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. ज्यांच्याकडं कसलाच कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हा हेतू सांगितला गेला आणि तो वाईट नव्हता. निराधारचे पैसे थेट खात्यात येतात, मधला हात खात नाही, हे मी स्वतः पाहिलंय. बोगस कार्डं पकडली गेली, हेही नाकारत नाही.

पण २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी गेली. रेशन कार्ड आधारला जोडलेलं नव्हतं म्हणून घरात काही महिने धान्य आलं नव्हतं. आई म्हणाली भुकेनं गेली, प्रशासन म्हणालं मलेरियानं. त्यानंतर केंद्र सरकारनं राज्यांना कळवलं, की आधार जोडलेलं नाही किंवा बोट जुळत नाही एवढ्या कारणावरून धान्य नाकारू नका. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक अशा मतानं आधार वैध ठरवलं, पण बोट न जुळल्यामुळं गरजू माणूस लाभाला मुकू नये, हेही त्या निकालात आहे. म्हणजे नियम मावशींच्या बाजूनं आहे. तो त्यांच्यापर्यंत आलाच नाही. श्वापदाचा फॉरवर्ड मात्र आला.

आमचं बोलणं चालू असताना नातू शेजारी उभा होता, आठवीतला. चांद्रयान-३ उतरलं तेव्हापासून त्याला अवकाशाचं वेड आहे. मध्येच म्हणाला, "अंकल, चंद्रावर माणसं राहायला गेली तर तिथं सरकार कुणाचं? आणि चर्च असेल का?"

म्हटलं, १९६७ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतही त्यात आहे. त्यानुसार चंद्रावर कुठल्याच देशाला मालकी सांगता येत नाही. आणि चर्चचं म्हणशील तर, १९६९ ला बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरला तेव्हा त्यानं यानात बसून प्रभुभोजन घेतलं होतं. मात्र रेडिओवर ते जाहीर केलं नाही. आधीच्या वर्षी अपोलो-८ च्या अंतराळवीरांनी चंद्राभोवती फिरताना उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातला सुरुवातीचा भाग वाचला होता, त्यावरून नासावर खटला झाला होता. सरकारी यानात धर्म किती असावा, हा प्रश्न तिथंही सुटला नव्हता. पोरगं खूश झालं.

त्याला सांगायची एक गोष्ट तेव्हा राहून गेली, ती इथं सांगतो. आपल्या देशाचा अवकाशातला प्रवासच एका चर्चमधून सुरू झाला.

केरळातलं थुंबा, तिरुवनंतपुरमजवळचं मच्छीमारांचं गाव. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्त रेषा तिथून जवळ जाते, म्हणून विक्रम साराभाईंना रॉकेट सोडायला तीच जागा हवी होती. तिथं मेरी मॅग्डालिनचं चर्च होतं आणि आजूबाजूला कोळ्यांची घरं. अब्दुल कलाम ही हकिगत भाषणांतून अनेकदा सांगत. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरांना भेटले. बिशपनी तिथल्या तिथं हो किंवा नाही म्हटलं नाही. रविवारी या म्हणाले. रविवारी भरल्या चर्चमध्ये त्यांनी लोकांना समजावलं, की हा शास्त्रज्ञ देशाच्या कामासाठी आपलं चर्च आणि आपली राहती जागा मागतोय, देऊ या का? लोकांनी 'आमेन' म्हटलं.

२१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. चर्चच्या इमारतीत रॉकेटची जुळणी होत होती. आज तिथं अवकाश संग्रहालय आहे.

या गोष्टीत सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. समुद्रावर पोट असलेल्या माणसाला किनाऱ्यावरचं घर सोडायला लागणं सोपं नसतं. शिवाय बिशपनी विचारल्यावर नाही म्हणणं किती जणांना जमलं असतं, हाही प्रश्न आहेच. पण एक गोष्ट घडली. मागणारा माणूस समोर आला, त्याला चेहरा होता, त्यानं कारण सांगितलं आणि उत्तराची वाट पाहिली. त्या लोकांनी विज्ञानाला श्वापद म्हटलं नाही, याचं एक कारण मला हे वाटतं.

मावशींना असं कुणी विचारलं? मशीन आलं, थंब लागतो म्हणाले, लागला नाही तर पुढच्या महिन्यात या म्हणाले. तक्रार कुणाकडं करायची? दुकानदार वरती बोट दाखवतो, वरचे सर्व्हरकडं दाखवतात. सर्व्हरच्या पायरीशी जाऊन उभं राहता येत नाही.

येशूला एकदा पेचात पकडायला विचारलं होतं, कैसराला कर द्यावा की नाही? त्यानं नाणं मागितलं आणि विचारलं, यावर मुखवटा कुणाचा? कैसराचा. मग कैसराचं कैसराला द्या आणि देवाचं देवाला. आमच्याकडं यावर जुनं भाष्य असं आहे, की नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून नाणं त्याचं. माणसावर देवाची प्रतिमा आहे, म्हणून माणूस कैसराचा नाही. माझ्यापुरता मी याचा अर्थ असा लावतो: सरकारनं नंबर द्यावा, हिशेब ठेवावा, कर घ्यावा, हरकत नाही. पण नंबर जुळला नाही म्हणून समोरचा माणूसच नाही असं धरायचा हक्क कुठल्या कैसराला नाही. हे पटायला ख्रिस्ती असायची गरज नाही. संविधान वेगळ्या शब्दांत तेच सांगतं.

आता माझी चूक. दोन महिन्यांपूर्वी 'तालुक्यात केवायसीचं काम जवळपास पूर्ण' ही बातमी मीच दिली होती. प्रेसनोट आली, मथळा दिला, पाठवली. 'जवळपास'मध्ये जे उरले ते कोण, हे मी विचारलं नाही. ती मावशी माझ्यामागं दोन बाकं सोडून बसते.

सोमवारी मावशींबरोबर दुकानात गेलो. भांडण केलं नाही. शांतपणे म्हटलं, बोट जुळत नसेल तर दुसरा मार्ग काढा, धान्य नाकारायचं नाही असे आदेश आहेत. मुलाचा मोबाईल नंबर कार्डाला जोडलेला निघाला. पुण्याला फोन लावला, त्यानं ओटीपी सांगितला, पाच मिनिटांत त्या महिन्याचं धान्य मिळालं. आधीच्या दोन महिन्यांचं मिळालं नाही. त्याचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत दिलाय, पोच घेतलीय. काय होतं ते इथंच कळवीन.

परत येताना मावशी म्हणाल्या, "मंग ते श्वापद न्हवतं म्हण." म्हटलं, "नाही मावशी." त्या म्हणाल्या, "पर तू नसतास तर?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

पाळकसाहेबांना आणि सगळ्याच धर्मांच्या जाणत्यांना विनंती, हे फॉरवर्ड आले की नुसतं 'अफवा आहे' म्हणून सोडून देऊ नका. त्या माणसाला नेमकं काय अडलंय ते विचारा. आणि तुमच्या गल्लीत कुणाचा थंब लागत नसेल, धान्य किंवा पेन्शन अडली असेल, तर कमेंटमध्ये नाव लिहू नका, मला इनबॉक्स करा. एकेकाची माहिती घेऊन यादी करतो. या वेळी बातमी उरलेल्यांची देऊ.